क्षयरोग्याने राहावे कोठे?

बारामतीची मंडळी पाटसमार्गे पुण्यास निघाली म्हणजे वाटेत थेऊरचा फाटा लागतो. चतुर्थी असली तर पुष्कळजण चिंतामणीच्या दर्शनासाठी गाडी आत वळवतात. दर्शन होते, प्रसाद होतो आणि मंडळी पुढच्या वाटेला लागतात. याच थेऊरास १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे क्षयाने वारले हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ते तेथे का गेले होते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुण्यास शनिवारवाडा होता, वैद्य होते, सेवेला हाकेसरशी धावणारी माणसे होती. असे असता, आपला अंत जवळ आला हे ज्याला उमगले होते तो पुरुष वाडा सोडून देवाच्या दारी राहावयास जातो. यात भक्ती आहेच. पण क्षयी माणसाने कोठे राहावे, या फार जुन्या प्रश्नाचे ते एक उत्तरही आहे.

आम्हांला आज या प्रश्नाचाच इतिहास सांगावयाचा आहे. रोगाचा इतिहास म्हटला की जंतू कोणी शोधला, लस कोणी काढली, औषध कोणत्या साली निघाले याची जंत्री लोक अपेक्षितात. ती जंत्री महत्त्वाची आहे आणि तीतील काही भाग पुढे येईलच. पण ज्या घरात हा रोग शिरतो त्या घराला पहिला प्रश्न पडतो तो जंतूचा नव्हे. रोग्याची खाट कोठे टाकावी, हा तो प्रश्न. ओसरीवर टाकावी, माडीवर टाकावी, मळ्यातल्या खोपटात टाकावी, की डोंगरावर न्यावे? त्याचे ताट-वाटी निराळे करावे काय? पोरांना त्याच्याजवळ जाऊ द्यावे काय? गेल्या अडीचशे वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि प्रत्येक उत्तराने कोणाच्या तरी शिरावर नवा भार ठेवला.

माधवरावांना पेशवाई मिळाली ती पानिपताच्या साली, १७६१ मध्ये. वय सोळा. पुढच्या अकरा वर्षांत निजाम, हैदर, घरातले काका अशा तिन्ही आघाड्या त्यांनी सांभाळल्या, आणि १७७२ च्या आरंभी मराठी फौजांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा नेऊन बसवले तेव्हा राज्य सावरले असे म्हणावयास हरकत नव्हती. सावरणारा मात्र त्याच वर्षी गेला. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. रमाबाई सती गेल्या. पानिपतच्या पराभवाइतकाच हा मृत्यू मराठी राज्याला महाग पडला, असे इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ याने लिहून ठेवले आहे आणि पुढच्या बहुतेकांनी ते मान्य केले आहे. आपल्या बारामतीत त्या वेळी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत आर्या रचीत होते. म्हणजे हा काळ आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. कऱ्हेकाठचा नाइकांचा वाडा अजून उभा आहे.

पेशव्यांच्या वैद्यांना या रोगाची ओळख नव्हती असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्यापाशी चरकाचा राजयक्ष्मा होता. दक्षाच्या शापाने चंद्र क्षीण होत गेला, त्या कथेपासून चरक या रोगाचे वर्णन करतो, आणि कारणे सांगताना चारच सांगतो : शक्तीबाहेरचे साहस, वेगांचे धारण, धातूंचा क्षय आणि विषम आहार. घोड्यावरून मोहिमांमागून मोहिमा काढणाऱ्या तरुण पेशव्याला यांतील पहिले कारण तंतोतंत लागू पडत होते. उपचारात पौष्टिक अन्न, शेळीचे दूध, मांसरस, विश्रांती. आज कोणी हसेल, पण शेवटच्या दोन गोष्टींत हसण्यासारखे काही नाही हे पुढे दिसून येईल. चरकाला जे दिसले नव्हते ते एवढेच, की रोग एका माणसापासून दुसऱ्याला होतो तो नेमका कशाने.

ते दिसले २४ मार्च १८८२ रोजी. बर्लिनच्या एका सभेत रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यानंतर क्षय हा शापही राहिला नाही आणि नुसता अशक्तपणाही राहिला नाही. तो बेडक्यातून, खोकल्यातून, कोंदट खोलीतील हवेतून पसरणारा जंतू ठरला. ज्ञान झाले, उपाय मात्र सापडला नाही. खुद्द कॉखने १८९० मध्ये ट्युबरक्युलिन नावाचा उपाय जाहीर केला, युरोपभरचे रोगी बर्लिनकडे धावले, आणि अल्पावधीतच तो उपाय निष्फळ ठरला. मोठ्या माणसांच्या घाईचे हे उदाहरण वैद्यकात नेहमी सांगितले जाते.

जंतू सापडला पण औषध नाही, अशा या मधल्या काळात सापडलेले सर्वांत करुण मराठी आयुष्य डॉ. आनंदीबाई जोशी यांचे होय. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस निघाल्या, म्हणजे कॉखच्या शोधाला पुरते वर्षच झाले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. त्या परतल्या त्या रोग घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या रोगाचे कारण त्यांच्या पिढीच्या वैद्यांना प्रथमच निश्चित कळले होते, त्याच रोगाने या वैद्य बाईला नेले. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेतील कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत ती ठेवली आहे. समुद्रापलीकडचे घर आणि पुण्याचे घर, दोन्ही घरांनी त्यांना जपले. पण वाचवणे कोणाच्याच हाती नव्हते.

औषध नसताना वैद्याने करावे काय? त्याने रोग्याला चांगल्या जागी नेऊन ठेवावे. जर्मनीत ब्रेमर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डोंगरात सॅनिटोरियम काढले होते, अमेरिकेत ट्रूडो याने १८८५ च्या सुमारास सॅरनॅक लेक येथे तसेच केले. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि वेळेवर झोप, असा तेथला क्रम. ही लाट आपल्याकडेही आली. पाचगणीस डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर ही संस्था सुरू केली. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेले रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी दक्षिण महाराष्ट्रभर नाव मिळवून होतेच. त्याच परंपरेत सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयाचे सॅनिटोरियम उभे राहिले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. मुंबईस शिवडी, पुण्यास औंध ही नावे मराठी माणसाच्या कानावर इतकी पडली की 'त्याला औंधास नेले' एवढे म्हटले तरी ऐकणारा समजून जाई.

सॅनिटोरियमची थोरवी आम्ही नाकारीत नाही. कित्येकांची प्रकृती तेथे खरोखर सुधारली. शिवाय तेथे नुसती हवा नव्हती. छातीच्या पडद्यात सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवावयाचे, म्हणजे त्याला विसावा मिळतो आणि पोकळी बुजते, ही इटालियन डॉक्टर फोर्लानिनी याची युक्ती सर्वत्र चालू झाली होती. ठरलेल्या दिवशी 'हवा भरून घ्यावयास' जाणारे रोगी जुन्या माणसांच्या आठवणीत अजून असतील. ते साधले नाही तर एका बाजूच्या बरगड्या काढून छातीच दाबून टाकीत. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु त्या काळच्या डॉक्टरांपाशी दुसरे हत्यार नव्हते, आणि त्यांतील काही रोगी पुढे वीस-वीस वर्षे जगले हेही खरे आहे.

खरी अडचण निराळीच होती आणि ती त्रैराशिकाची होती. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला. देशात क्षयाचे रोगी सुमारे २५ लाख, दरवर्षी मृत्यू सुमारे ५ लाख, आणि क्षयासाठी खाटा सुमारे ६ हजार असा त्यातला अंदाज आहे. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून अधिक रोगी. उरलेले कोठे राहत होते? अर्थात घरी, आणि घर म्हणजे मुंबईच्या चाळीतली एक खोली. डॉ. लँकेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात देशभर हिंडून क्षयाची पाहणी केली आणि १९२० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली; शहरांतली दाटीवाटी, कोंदट घरे यांवर त्यांनी बोट ठेवले. गिरणीत राबणारा कोकणचा किंवा घाटावरचा माणूस खोकू लागला, काम होईनासे झाले, की गावी परतत असे. गाव म्हणजे त्याचे सॅनिटोरियम. तेथे मोकळी हवा होती, दूधही कधी होते. आणि तेथेच त्याची लहान मुलेही होती.

खेड्यात हवा शुद्ध, म्हणून तेथे क्षय कमी, अशी त्या काळी सुशिक्षितांची ठाम समजूत होती. १९५५ ते १९५८ या काळात देशात नमुना-पाहणी झाली, गावोगाव छातीचे फोटो काढले गेले, आणि समजूत खोटी ठरली. क्षयाचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच निघाले. कन्हेरीसारख्या गावाला ही बातमी मोठी म्हटली पाहिजे. गावच्या मारुतीच्या पारावर बसून 'हा शहरातला रोग' असे म्हणावयाची सोय त्या पाहणीने नाहीशी केली.

याच सुमारास औषधांचे युग सुरू झाले होते. १९४३ मध्ये अमेरिकेत शाट्झ आणि वॉक्समन यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन काढले. आमच्या पुणे जिल्ह्यातच, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. परंतु एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू थोड्याच महिन्यांत दाद देईनासा होतो असे दिसून आले, म्हणून त्याच्या जोडीला पी.ए.एस. आले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. हे शेवटचे औषध मोठे गमतीचे आहे. प्राग येथे १९१२ मध्ये दोन रसायनज्ञांनी ते तयार करून ठेवले होते. त्याचा क्षयावर उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. चाळीस वर्षे ते ग्रंथांत पडून राहिले. त्या चाळीस वर्षांत किती माणसे गेली याचा हिशेब करू नये हेच बरे.

आयसोनियाझिड स्वस्त होते आणि गोळीच्या रूपाने पोटात घेता येत होते. तेव्हा एक प्रश्न सहजच उभा राहिला : गोळी घ्यावयाची तर डोंगरावर जावयाचे कशाला? याची परीक्षा मद्रासला झाली. १९५६ मध्ये तेथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन-केंद्र निघाले, वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे प्रमुख होते. मद्रासच्या गरीब वस्तीतील १९३ रोगी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, त्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियमात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या झोपडीत राहू दिले. औषध दोघांना तेच, वर्षभर. सॅनिटोरियममधल्यांना अन्न चांगले, विश्रांती पुष्कळ. घरच्यांना अन्न निकृष्ट, आणि काम तर चुकतच नव्हते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर सॅनिटोरियमातील शंभरांपैकी ९२ आणि घरच्या शंभरांपैकी ८६ रोगी जंतुमुक्त अवस्थेला पोचले होते. पाच वर्षांच्या पाहणीत तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. सर्वांत मोठी धास्ती होती ती घरातल्या इतरांची. त्यांच्यातही घरी राहणाऱ्या रोग्यांमुळे रोग अधिक पसरला नाही, कारण संसर्ग होतो तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वी. औषध सुरू झाले की खोकल्यातला धोका झपाट्याने ओसरतो.

शंभर वर्षे जगाने धरून ठेवलेले मत आपल्या देशातील एका गरीब वस्तीत मोडले गेले. पुढे साऱ्या जगातील सॅनिटोरियमे एकामागून एक ओस पडली किंवा त्यांचे दुसरे दवाखाने झाले. पाचगणीचे बेल-एअर १९६४ मध्ये रेडक्रॉसकडे गेले. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. योगायोग असा की, माधवरावांवरची रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी त्याच १९६२ सालची. थेऊरच्या मृत्यूवर मराठी वाचक डोळे पुसत होता तेव्हा तो रोग बरा करणारी गोळी जिल्ह्याच्या गावी आलेली होती.

गोळी आली होती, पण ती मागावयास रोगी येत होता काय? येथे बंगळूरच्या संस्थेची एक लहानशी पाहणी आम्हांला मोठमोठ्या अहवालांपेक्षा मोलाची वाटते. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत, ज्यांच्या छातीत रोग दिसला होता त्यांना गाठून विचारले, की तुम्ही काय केलेत? खेडूत अडाणी, तो दवाखान्यात जात नाही, असे सर्वजण गृहीत धरून चालले होते. १९६३ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले : निम्म्याहून अधिक माणसे आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन आली होती, आणि बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. बेडका कोणी तपासलाच नव्हता. अडाणी कोण ठरले, ते आम्ही सांगावयास नको.

आता घरच्या उपचाराची दुसरी बाजू. सॅनिटोरियमात रोग्यावर चोवीस तास कोणाची तरी नजर असे. घरी आल्यावर ती नजर गेली. गोळ्या मात्र वाढल्या. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांची जोड मिळाल्यावर दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. ही मोठीच प्रगती होय. पण आज दिल्या जाणाऱ्या चार मुख्य औषधांपैकी तीन, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, ही यकृतावर भार टाकणारी आहेत. फुप्फुसाचा रोग, आणि त्याचे मोल यकृताने भरावयाचे, असा हा व्यवहार आहे. बहुसंख्य लोकांचे यकृत ते मोल निमूटपणे भरते. थोड्यांचे भरत नाही.

हे कळले तेही हळूहळू. आयसोनियाझिडचे एक भावंड, इप्रोनियाझिड, रोग्यांची वृत्ती उल्हसित करते असे दिसल्यावरून काही काळ उदासीनतेच्या रोगावर दिले जात असे. यकृत बिघडू लागले म्हणून ते मागे घ्यावे लागले. १९७० मध्ये अमेरिकेच्या राजधानीत, कॅपिटॉल हिल भागातील २,३२१ कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड दिले, तेव्हा १९ जणांना यकृताचा दाह झाला आणि दोघे दगावले. ती माणसे रोगी नव्हती, चांगली खातीपिती होती. मग ज्याचे यकृत दारूने, जुन्या काविळीने किंवा उपासमारीने आधीच थकलेले आहे त्याच्याबद्दल किती सावध असावयास हवे! यकृत निबर झालेल्या रोग्याला डॉक्टर ही तीन औषधे सरसकट देत नाहीत. त्यांतील एखादे-दुसरे निवडून, यकृताला न दुखावणारी दुसरी जोडीला देऊन, मुदत वाढवावी लागते.

येथे व्यवहारातली एक गोष्ट सांगून टाकतो. रिफाम्पिसिन घेणाऱ्याची लघवी नारिंगी-तांबूस होते. ती काविळ नव्हे; त्याने भिऊ नये. पण अन्नावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. डॉक्टर गोळ्या थांबवतात, रक्त तपासतात, यकृत सावरले की एकेक औषध पुन्हा सुरू करून दोषी कोण ते शोधतात. होते मात्र असे, की रोगी आपल्याआपणच गोळ्या बंद करतो आणि कोणाला सांगत नाही. आठ दिवसांनी बरे वाटते. मग दोन औषधे घेतो, दोन टाकतो. जंतूला याहून चांगली शाळा नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी जगापुढे मांडले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. अर्धवट आणि चुकीच्या उपचारांची ती वर्षानुवर्षांची कमाई होती.

यकृत आणि फुप्फुस यांचे नाते औषधापुरतेच नाही. मध्ये एक पातळ पडदा, एवढेच त्यांच्यातले अंतर. यकृत निकामी होऊन जलोदर झाला की पोटातले पाणी त्या पडद्यातून वर शिरते, बहुधा उजव्या बाजूला, आणि रोग्याला धाप लागते. छातीत पाणी म्हटले की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा. आणि तो पुष्कळदा खराही असतो. उलट पोटाच्या क्षयातही पाणी साठते आणि त्याला दारूचा जलोदर समजून सोडून दिले जाते. दोन्ही चुका घडतात, आणि दोन्ही महाग पडतात. गणिती रामानुजन यांची गोष्ट या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडात त्यांना क्षय ठरवून सॅनिटोरियमात ठेवले, १९१९ मध्ये ते मद्रासला परतले, आणि २६ एप्रिल १९२० रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. १९९४ मध्ये डॉ. यंग यांनी जुनी कागदपत्रे तपासून असे मत मांडले, की तो क्षय नसावा, आमांशाच्या जंतूने यकृतात झालेला विकार असावा, आणि त्यावर त्या काळीही उपाय होता. हे अनुमानच आहे. मेलेल्या माणसाची नाडी पाहता येत नाही. पण रोग्याला ठेवावयाचे कोठे याची घाई झाली की त्याला झाले आहे काय हे विचारावयाचे राहून जाते, एवढे त्यावरून दिसते.

आणि जो बरा होतो त्याचे काय? सरकारी वहीत 'बरा' याचा अर्थ बेडक्यात जंतू नाही. फुप्फुसात जेथे पोकळी होती तेथे वण राहतो, श्वासनळ्या वेड्यावाकड्या रुंदावतात, कोणाला थोड्या चढणीवर दम लागतो, कोणाच्या थुंकीत वर्षांनंतर पुन्हा रक्त दिसते. अशा माणसाला 'पुन्हा टीबी' म्हणून तपासणीशिवायच औषधे सुरू करणारेही भेटतात. यकृताला आणखी एक फेरी. जितका उपचार उशिरा सुरू होतो तितका वण मोठा, म्हणून तुमकूरची ती बाटली अजून आमच्या मनातून जात नाही.

चरकाच्या चौथ्या कारणाकडे, आहाराकडे, शास्त्र अलीकडे पुन्हा वळले आहे. झारखंडात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात रोग्यांच्या कुटुंबीयांना शिधा पुरवला, तेव्हा त्या घरांतून नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सरकार २०१८ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. इतके करूनही २०२३ मध्ये जगात नव्याने आजारी पडलेल्या सुमारे १ कोटी ८ लाख लोकांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक आपल्या देशातले होते.

'घरी राहावे' हे मद्रासचे उत्तर आम्हांला मान्य आहे. पण ते उत्तर देताना घर आहे असे गृहीत धरले होते. आपल्या नीरा कालव्याच्या पट्ट्यात दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून, नगरकडून, आणखी कोठून. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आत चार-पाच माणसे, चूल आणि धूर. अशा टोळीतल्या एखाद्या बाईला भाद्रपदात गावी क्षयाचे निदान झाले आहे असे समजा. गोळ्या सुरू झाल्या, ताप गेला, वजन थोडे वाढले. इतक्यात ट्रक आला. उचल फिटलेली नाही, तेव्हा थांबणे नाही. तिची नोंद आता संगणकावर असते, ती एका आरोग्य केंद्राकडून दुसऱ्याकडे वळवता येते, आणि बारामती-इंदापुरातल्या कोणत्याही सरकारी केंद्रातून तिला त्याच गोळ्या मिळू शकतात. ही सोय खरी आहे. पण ती आपल्याला आहे हे तिला कोणी सांगितले पाहिजे, केंद्राची वेळ आणि फडाची वेळ जुळली पाहिजे, आणि अर्ध्या दिवसाची खाडा-कपात सोसण्याइतके मुकादमाचे मन मोठे पाहिजे. मळमळ सुरू झाली तर ती गोळ्यांची की यकृताची हे कोपीत कोण ठरवणार? आजूबाजूच्या कोप्यांतली लहान पोरे तपासली गेली काय, हे कोणाच्या वहीत लिहिले जाते?

कन्हेरीपासून पाच-दहा मैलांच्या आत अशा कोप्या ज्याने पाहिल्या नाहीत असा श्रोता येथे नसेल. गळिताचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो, आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात असे मात्र सहसा घडत नाही.